कोकणात रायफलच्या सरावासाठी मोकळी रेंज कशी शोधावी

नेमबाजी शिकायची म्हटलं की विचारणारा पहिल्याच वाक्यात बंदुकीवर येतो. कुठली घेऊ, केवढ्याला पडेल, परवाना लागेल का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक घेतलं, त्यानंतर हे प्रश्न आमच्याकडे फारच वाढले. साहजिकच आहे. त्याचं कांबळवाडी गाव राधानगरी तालुक्यातलं, आणि फोंडा घाट चढून वर गेलं की राधानगरीच लागते. तळकोकणातल्या मुलांना तो आपल्या शेजारचाच वाटतो.

तरी माझं सांगणं एकच असतं. बंदूक सगळ्यात शेवटी, आधी रेंज बघा. रेंज बघताना टार्गेटच्या मागे काय आहे आणि फायरिंग लाइनवर शब्द कोणाचा चालतो, हे दोन प्रश्न आधी विचारा. बाकी सगळं, म्हणजे फी, पार्किंग, इलेक्ट्रॉनिक टार्गेट, एसीची खोली, त्यानंतर. कोकणात याला आणखी तीन गोष्टी जोडाव्या लागतात: कातळ, वारा आणि पाऊस. देशावरच्या माणसाने लिहिलेल्या माहितीत या तिघांचा उल्लेख नसतो, म्हणून हा लेख.

आधी अंतर ठरवा

रायफल नेमबाजीत नवख्यापुढे दोन वाटा असतात. पहिली १० मीटर एअर रायफलची. दाबलेल्या हवेवर चालणारी बंदूक, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा पेलेट, आणि टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. ही नेमबाजी बहुतेक ठिकाणी छपराखाली चालते. दुसरी वाट ५० मीटरची. तिथे .२२ ची रायफल, म्हणजे दारू भरलेलं खरं काडतूस. टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ५० मीटरच्या रेंजमधलं निदान ४५ मीटर अंतर उघड्या आभाळाखाली असावं लागतं. तेव्हा मोकळी रेंज म्हणून आपण जी शोधतो, ती प्रत्यक्षात ५० मीटरची रेंज. ३०० मीटरची मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची, नेमबाजीही आहे, पण तशा रेंज मुख्यतः लष्कराकडे असल्याने नवख्याने तिचा विचार आत्ता करायला नको.

सुरुवात १० मीटरनेच करा. उभं राहणं, श्वास रोखणं, ट्रिगर हळूहळू दाबत नेणं, गोळी सुटल्यावरही क्षणभर नेम न सोडणं हे सगळं तिथे शिकता येतं, तेही वारा आणि दणका मध्ये न येता. चांगला कोच तुम्हाला पहिल्याच दिवशी .२२ देणार नाही. एखाद्या ठिकाणी आल्या आल्या हातात .२२ मिळाली तर खूश होऊ नका. त्या जागेबद्दल सावध व्हा.

कायद्याचं थोडक्यात

आपल्याकडे सगळं चालतं ते शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांवर. ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेतो आणि विक्रीची नोंद ठेवतो. या मर्यादेच्या वरची एअरगन मात्र परवान्यात येते. ऑनलाइन जाहिराती बघून जास्त ताकदीची मागवू नका.

.२२ ला परवाना लागतोच. स्वतःच्या नावावर परवाना घ्यायला वय २१ पूर्ण हवं. १२ वर्षांपुढच्या मुलांना प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली सराव करता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. ठाणे, नवी मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत तो पोलीस आयुक्तांकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. पण नवख्याला यातलं काहीच लगेच लागत नाही. मान्यताप्राप्त क्लबच्या रेंजवर, क्लबच्याच बंदुकीने, कोच शेजारी असताना सराव करायचा, हा सरळ मार्ग आहे. वर्ष-दोन वर्षांनी, स्पर्धेत गुण येऊ लागल्यावर, स्वतःच्या परवान्याचा विचार करा.

आमच्या भागात एक प्रश्न हमखास येतो. घरात आजोबांपासून शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, तीच घेऊन रेंजवर येऊ का? नको. त्या परवान्याचा हेतू रानडुकरं आणि माकडांपासून पीक राखणं एवढाच आहे. शिवाय ठासणीच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, नसतात आणि तिची दारू, छर्रे, केप सगळंच वेगळं. तिच्यावर रायफलचा नेम शिकता येत नाही. आणि छऱ्याची बंदूक घेऊन आंब्याच्या बागेत पाखरं टिपणं हा सराव नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा होऊ शकतो. हे घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

विचारपूस कुठे करायची

पहिला फोन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला. शालेय नेमबाजी स्पर्धा तेच भरवतात. ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक भोकातून नेम) अशा दोन्ही प्रकारांत मुलं उतरतात, म्हणून जिल्ह्यात एअर रायफल कोण शिकवतं, कुठल्या शाळेची मुलं दरवर्षी विभागाला जातात, हे त्या कार्यालयात ठाऊक असतं. सिंधुदुर्गात ओरोसचं आणि रायगडात अलिबागजवळ नेहुलीचं जिल्हा क्रीडा संकुल आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं बरं. फोनवर मिळतं त्यापेक्षा जास्त तिथे मैदानावर भेटणाऱ्या शिक्षकांकडून कळतं.

मूल कॉलेजात असेल तर एनसीसीकडे बघा. एनसीसीत .२२ ची फायरिंग अभ्यासक्रमातच आहे. ती फायरिंग थोडी असते आणि स्पर्धेची तयारी म्हणून पुरेशी नाही, पण लाइनवरची शिस्त तिथे जशी अंगात भिनते तशी फार कमी ठिकाणी भिनते. ज्याने एनसीसीत एकदा तरी हवालदाराच्या हुकमावर फायर केलंय, तो रेंजवर आल्यावर बंदुकीचं तोंड इकडेतिकडे फिरवत नाही.

जिल्हा पोलिसांचे फायरिंग बट, म्हणजे मागे मातीचा बांध असलेल्या सरावाच्या जागा, बऱ्याच ठिकाणी असतात. ते पोलिसांसाठी आहेत. बाहेरच्याला तिथे सराव मिळेल असं धरून चालू नका, आणि सरावाच्या दिवशी लाल बावटा लागलेला असताना त्या बाजूला फिरकू नका. आसपासच्या गुराख्यांनाही ते ठाऊक असतं.

आता क्लब. देशपातळीवर नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया आणि राज्यात महाराष्ट्र रायफल असोसिएशन ही साखळी आहे. तुम्ही ज्या क्लबात जाल तो या साखळीत संलग्न आहे का, हे सुरुवातीलाच विचारा. संलग्न नसेल तर तिथे कितीही चांगला नेम बसला तरी राज्य स्पर्धेत उतरायला पुन्हा दुसरीकडे नाव घालावं लागतं.

खरं सांगायचं तर कोकणात १० मीटर घराजवळ मिळून जाईल, ५० मीटरसाठी मात्र प्रवास करावा लागेल, अशीच तयारी ठेवा. उत्तर कोकणातल्यांना पनवेल जवळ पडतं. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब तिथेच आहे, आणि १० मीटर एअर रायफलचा पाया घालायला अशी जागा मिळणं हे भाग्य आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तोही आपल्या याच पट्ट्यातला. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात १०, २५ आणि ५० मीटर तिन्ही सोयी आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्यांना कोल्हापूर सोयीचं. आंबा घाटाने किंवा गगनबावड्यावरून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, आणि तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात नेमबाजीची जाण असलेली माणसं भेटतात, हा फायदा वेगळाच.

माझा सल्ला असा: आठवड्याचा सराव घराजवळच्या १० मीटरवर करा आणि महिन्यातून एकदा दोन दिवसांची मोकळ्या रेंजवरची फेरी आखा. एक दिवसात जाऊन येऊन पन्नास गोळ्या मारण्यापेक्षा मुक्काम करून दोन सकाळी मिळवणं कितीतरी कामाचं. कारण पुढे वाऱ्याच्या भागात येईलच.

पहिली फेरी: बंदूक हातात न घेता

रेंज ठरवण्याआधी एकदा नुसतं बघायला जा. लाइनच्या मागे बसून पूर्ण एक सत्र बघायची परवानगी मागा. चांगली रेंज आनंदाने खुर्ची देते. टाळाटाळ झाली तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

आधी नजर टार्गेटच्या पलीकडे टाका. .२२ चं काडतूस चिमुकलं दिसतं, पण मोकळी सुटलेली गोळी किलोमीटरभराहून पुढे जाते. तिला अडवणारा मातीचा उंच बांध, म्हणजे बट, टार्गेटमागे हवाच. तो उंच आहे एवढं पुरत नाही, त्याचा दर्शनी भाग मऊ मातीचा हवा. आपली लाल माती जांभ्याच्या खड्यांनी भरलेली असते. पावसाळ्यात वरची माती वाहून जाते आणि खडे, दगड उघडे पडतात. त्या दगडावर गोळी आपटली की ती कुठल्या कोनात उडेल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये रेंज उघडते तेव्हा बटाजवळ नेऊन दाखवायला सांगा. अर्थात फायरिंग थांबलेलं असताना, रेंज अधिकाऱ्यासोबत. ताजी, चाळलेली माती चढवलेली दिसते का? टार्गेटच्या नेमक्या मागे गोळ्या एकाच जागी बसून खळगे पडतात, ते बुजवलेत का? खळग्याच्या तळाशी चपटं झालेलं शिसं चकाकत असेल आणि भोवती गवत वाढलेलं असेल, तर त्या बटाकडे बरेच दिवस कोणी बघितलेलं नाही असं समजा.

चिरेखाण ही रेंज नव्हे. हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण सोडून दिलेली खाण बघितली की तीन बाजूंनी उभ्या भिंती आणि आत कोणी नाही, अशी जागा आयतीच मिळाल्यासारखी वाटते. त्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. गोळी तिथे रुतत नाही, उलटून येते. गडग्याचंही, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाचंही, तसंच: गडगा ही हद्द आहे, आडोसा नाही. आणि खाडीकडे किंवा समुद्राकडे तोंड करून मारायचं तर बोलूच नका. पाण्यावर सपाट कोनात आपटलेली गोळी पाण्यात बुडत नाही, उसळी घेऊन पुढे जाते. पुढे कुठे होडी असेल, कोणी कालवं काढत असेल, ते तुम्हाला दिसणारही नाही.

बटानंतर दोन्ही बाजू बघा. बाजूच्या भिंती किंवा बांध आहेत का? वरून जाणारी गोळी अडवायला आडवे पडदे बसवलेत का? मग फोनवरच्या नकाशात उपग्रहाचं चित्र उघडा आणि फायरिंग पॉइंटपासून टार्गेटच्या दिशेने सरळ दीड किलोमीटर बोट फिरवा. वाडी आहे का, शाळा आहे का, काजूची बाग आहे का? कातळावर नकाशात काहीच दिसत नाही, पण एप्रिल-मेमध्ये तिथे काजू-करवंदं गोळा करणारी माणसं असतात, बाकी वर्षभर गुरं असतात. कुंपण कुठवर आहे, पायवाट कुठून जाते आणि फायरिंगच्या वेळी लाल बावटा दुरून दिसेल असा लावतात का, हे त्या बाजूच्या वाडीतल्या माणसालाच विचारा. तो खरं सांगेल.

विहिरींचाही प्रश्न विचारा. बटात साठलेलं शिसं आम्लधर्मी मातीत आणि जोराच्या पावसात हळूहळू विरघळून पाण्याबरोबर उतरू शकतं. आपली माती आम्लधर्मी आहे आणि रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बटातलं शिसं कधी काढतात, बटावरून वाहणारं पाणी कुठे जातं, याचं उत्तर रेंज चालवणाऱ्याकडे तयार हवं. प्रश्न ऐकून ज्याला राग येतो, त्याच्याकडे उत्तर नाही.

लाइनवर हुकूम कोणाचा

आता माणसं बघा. सगळ्यात जास्त कळतं ते टार्गेट बदलायला कोणी पुढे जातो तेव्हा. मी नवख्यांना सांगतो, नेमका तोच एक मिनिट डोळ्यांत तेल घालून बघा. रेंज अधिकारी ‘स्टॉप’ म्हणाला की सगळे जिथल्या तिथे थांबले पाहिजेत. मग ‘अनलोड’. बोल्ट उघडा, चेंबर रिकामं, त्यात रंगीत सेफ्टी फ्लॅग किंवा दोरी घातलेली, रायफल खाली ठेवलेली, आणि माणूस लाइनवरून एक पाऊल मागे. अधिकारी प्रत्येक लेनवर स्वतः नजर टाकतो. त्यानंतरच पुढे जायची मुभा. पुढे माणसं असताना मागे कोणी रायफलला हात लावत नाही, साइट पुसायलाही नाही.

हे जिथे दरवेळी, कंटाळा न करता, ओळखीच्या जुन्या सदस्यालाही सूट न देता होतं, ती रेंज चांगली. ‘आपलाच माणूस आहे, जाऊ दे’ हे वाक्य एकदा जरी कानावर पडलं तरी मी तिथे कोणाला पाठवत नाही.

कोचबद्दल लोक पदकं विचारतात. पदकं असावीत, पण त्याहून जास्त बघावं ते तो नवख्याशी बोलतो कसा. मुलाची खांदा-कोपराची ठेवण तो स्वतः बघतो का, डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची रायफल तर देत नाही ना, मुलगी सरावाला आली तर तिच्या मापाचं जॅकेट, बट-प्लेटची (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाची) उंची यांचा विचार करतो का, की आहे तेच घाल म्हणतो?

कागदपत्रांत शस्त्र अधिनियमाखालचा रेंजचा परवाना विचारायला संकोच करू नका. तो भिंतीवर लावलेला असला तर विचारायचीही गरज नाही. तुमच्याकडून आधार, फोटो, डॉक्टरांचा दाखला आणि मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र घेतलं जाईल. काडतुसांची नोंद वही ठेवून होते का तेही बघा: किती दिली, किती मारली, किती परत आली.

वारा

मोकळ्या रेंजचं खरं शिक्षण इथे आहे. म्हणूनच घाट उतरून-चढून तिथे जायचं.

५० मीटरवर ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा .२२ च्या गोळीला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर बाजूला नेतो. टार्गेटवर एका रिंगची रुंदी ८ मिलिमीटर. म्हणजे नेम अचूक असूनही दहाची गोळी सात-आठच्या घरात बसते. १० मीटरच्या हॉलमध्ये वर्षभर दहा-नऊ मारणारा मुलगा पहिल्यांदा मोकळ्यावर येतो तेव्हा याच कारणाने खट्टू होतो. त्याला आधीच सांगून ठेवावं.

किनाऱ्यावरचा वारा मात्र लहरी नाही. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. सूर्य वर आला, जमीन तापू लागली की तो मंदावतो, काही वेळ अगदी पडतो, आणि मग पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी तो चांगलाच जोर धरतो. किनाऱ्याजवळच्या रेंजवर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे चक्र जवळजवळ रोज बघायला मिळतं.

आता रेंजची दिशा. उत्तरेकडे तोंड असलेली रेंज सगळ्यात चांगली, कारण हिवाळाभर सूर्य नेमबाजाच्या मागे राहतो, टार्गेट उजळ दिसतं आणि साइटमध्ये ऊन शिरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतही सूर्य शक्यतो पाठीशी असावा असंच सांगितलंय. पश्चिमेकडे तोंड असलेल्या रेंजवर चारनंतर काही करता येत नाही. पण उत्तराभिमुख रेंजवर सकाळी वारा उजवीकडून येतो आणि दुपारी डावीकडून. आपल्या रायफलींच्या नळीतले आटे गोळीला उजवीकडे फिरवतात. त्या फिरकीमुळे डावीकडचा वारा गोळीला नुसती उजवीकडे ढकलत नाही, किंचित खालीही नेतो, म्हणजे घड्याळातल्या चारच्या आकड्याकडे. उजवीकडचा वारा नेतो डावीकडे आणि किंचित वर, दहाच्या आकड्याकडे.

हे एकदा डोळ्यांनी बघा. सकाळी आठला प्रोनमध्ये, झोपून, दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा पुंजका, घ्या. रेंजवर नेमबाजापासून १० आणि ३० मीटरवर सुती पट्ट्यांची बारीक निशाणं लावलेली असतात. ती या वेळी डावीकडे, समुद्राकडे झुकलेली असतील. ग्रुप बरोबर मधोमध येईल अशी साइट लावा. मग साडेनऊ-दहाला निशाणं लोंबकळू लागली की साइटला हात न लावता पुन्हा दहा मारा. ग्रुप उजवीकडे सरकलेला दिसेल. बाराला, निशाणं उलट्या बाजूला फडफडत असताना, आणखी दहा. तीन टार्गेटं एकमेकांशेजारी ठेवली की वाऱ्याबद्दल कोणी काही सांगायची गरज उरत नाही. नवखा इथे साइट बिघडली म्हणून फिरवत बसतो. साइट ठीक असते, वारा फिरलेला असतो.

एक बारकावा आणखी. जवळचं निशाण एका बाजूला आणि लांबचं दुसऱ्या बाजूला, असं कधी कधी दिसतं, विशेषतः बाजूला माडाची राई किंवा इमारत असली की. अशा वेळी थांबा. रायफल खाली घ्या, श्वास घ्या, निशाणं पुन्हा ओळखीच्या रूपात येईपर्यंत वाट बघा. सामन्यातही वेळ पुरतो. ज्या रेंजवर ही निशाणं लावलेलीच नाहीत, तिथे मोकळ्यावर जाण्याचा निम्मा उपयोग गेला.

कातळावरच्या रेंजवर मार्चपासून अकरानंतर दुसरा त्रास सुरू होतो. तापलेल्या कातळावरून हवा थरथरत वर येते आणि टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. तेव्हा नेम सुधारत बसू नका, सराव आवरा. उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा एवढीच वेळ कामाची. म्हणूनच दोन सकाळींची फेरी म्हणालो.

पहिल्या दिवशी

सपाट तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी. चप्पल नको, गळा उघडा नको: शेजारच्या लेनमधून उडालेली गरम पुंगळी कॉलरमध्ये शिरली की माणूस दचकतो, आणि हातात भरलेली रायफल असताना दचकणं धोक्याचं. कानात प्लग आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. .२२ चा आवाज मोकळ्यावर फार वाटत नाही, पण कानाला इजा व्हायची ती होतेच. लाइनवर काही खाऊ नका, आणि डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा, कारण बोटांना शिसं लागलेलं असतं. लहान मुलांच्या बाबतीत हे काटेकोर पाळा.

पहिल्या दिवशी गुण मोजू नका. ग्रुप बघा. पाच गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या, मग त्या टार्गेटच्या कोपऱ्यात का असेनात, तर दिवस उत्तम गेला. मधोमध आणायचं काम साइट करते.

घरचा सराव आणि पुढची वाट

मोकळी रेंज महिन्यातून एकदा, मग मधल्या दिवसांत काय? परवाना न लागणाऱ्या एअर रायफलचा सराव पडवीत किंवा खळ्यात करता येतो, पण पेलेट पकडणारी लोखंडी पेटी, तिच्यामागे भक्कम भिंत, आणि त्या बाजूला दार, वाट किंवा गोठा नको. घरातल्या सगळ्यांना वेळ सांगून ठेवा. नळी रिकामी ठेवून नुसता ट्रिगर दाबण्याचा सरावही फार उपयोगी, फक्त तुमच्या रायफलमध्ये तशी सोय आहे का ते कोचला विचारून घ्या. .२२ घरी, बागेत, कातळावर, कुठेही नाही.

गुण जमू लागले की जिल्हा, राज्य, विभाग, मग राष्ट्रीय, अशी पायरी असते. राज्याची कॅप्टन इझिकेल स्मृती स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धेआधीची जी. व्ही. मावळंकर स्पर्धा ही दोन नावं लवकरच तुमच्या कानावर पडतील. गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचेही संस्थापक अध्यक्ष. त्यांचं घराणं मूळचं संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचं. कोकणातल्या मुलांना त्या स्पर्धेत उतरताना हे माहीत असावं, असं मला फार वाटतं.

खारी हवा आणि पावसाळा

किनाऱ्यावर रायफलचा खरा शत्रू गंज. घामाचा हात लागलेली नळी एका रात्रीत ठिपके दाखवते. फायरिंग संपलं की रेंजवरच कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, मग केसमध्ये घाला. घरी आल्यावर केस उघडी ठेवा, फोममध्ये ओल धरते. सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि त्या बदलत राहा. प्रवासात रायफल केसमध्ये, पेलेट किंवा काडतुसं वेगळी, आणि सोबत खरेदीचं बिल, क्लबचं ओळखपत्र. .२२ असेल तर मूळ परवाना. निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. नेमबाजांसाठी त्यात काय म्हटलंय ते घराबाहेर रायफल काढण्याआधी वाचा.

जून ते सप्टेंबर मोकळी रेंज बंदच धरा. हे चार महिने १० मीटरला द्या, व्यायामाला द्या, पाठ आणि खांदे मजबूत करा, परवान्याचे किंवा क्लबचे कागद याच काळात उरका. गणपती झाले की रेंजवर फोन करून बटाची माती कधी चढवणार ते विचारा. माती चढेपर्यंत तारीख घेऊ नका, आणि उघडल्यावरची पहिली सकाळ फक्त झिरोसाठी, म्हणजे साइट पुन्हा जुळवण्यासाठी, ठेवा. चार महिने पडून राहिलेल्या रायफलची साइट जिथे सोडली होती तिथेच असेल असं धरू नका.